कूस बदलणारे समाज

विष्णुपुराणात सुद्युम्नाची कथा आहे. मुलगा व्हावा म्हणून मनूने मित्रावरुणांसाठी यज्ञ केला. होत्याच्या हातून विधीत चूक झाली आणि इला ही मुलगी जन्माला आली. मित्रावरुणांच्याच कृपेने तिचा सुद्युम्न झाला. पुढे शंकराच्या कोपामुळे तो पुन्हा स्त्री झाला आणि त्या अवस्थेत बुधापासून त्याला पुरूरवा हा मुलगा झाला. शेवटी विष्णूच्या कृपेने तो परत पुरुष झाला. कथेतला चमत्कार इथे संपतो आणि पुराणकार एक कोरडी, व्यवहाराची नोंद करतात. सुद्युम्न पूर्वी स्त्री होता, म्हणून त्याला राज्यात वाटा मिळाला नाही. वसिष्ठांनी शब्द टाकला म्हणून बापाने त्याला प्रतिष्ठान नगर दिले (आपले पैठण नव्हे, प्रयागजवळचे), आणि ते त्याने पुरूरव्याच्या हवाली केले. देह तीन वेळा बदलला, पण वाटणीची वेळ आली तेव्हा जन्माची पहिली नोंद बाहेर काढण्यात आली. स्त्रीचा पुरुष आणि पुरुषाची स्त्री होऊ शकेल अशा समाजांची कल्पना विज्ञानसाहित्याने गेल्या साठेक वर्षांत पुष्कळ वेळा केली आहे. त्या साऱ्या लेखनाला विचारावा असा प्रश्न या जुन्या नोंदीतच सापडतो. देह बदलणे हा या कथांतला सोपा भाग असतो. लेखकाच्या हातात लेखणी आहे, तो एका परिच्छेदात ग्रहाचे जीवशास्त्र पालटून टाकू शकतो. पण मूल कोणी सांभाळायचे, घर कोणाच्या नावावर राहायचे, कोणाला कोणत्या सर्वनामाने हाक मारायची, या ज्या गाठी समाजाने लिंगाला मारून ठेवल्या आहेत, त्या देहाबरोबर आपोआप सुटतात का? माझे म्हणणे असे की त्या सुटत नाहीत, आणि या प्रकारातले जे लेखन टिकले आहे ते न सुटलेल्या गाठींचा हिशेब ठेवल्यामुळे टिकले आहे.

हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो अर्सुला ले ग्विन यांनी. त्यांची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ ही कादंबरी १९६९ साली आली आणि तिला ह्यूगो व नेब्युला हे विज्ञानसाहित्यातले दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले. गेथेन हा त्यातला ग्रह कायम हिवाळ्यात गोठलेला आहे. तिथल्या माणसांचे सव्वीस-अठ्ठावीस दिवसांचे एक चक्र असते. त्यातले एकवीस-बावीस दिवस माणूस ना स्त्री असतो ना पुरुष. उरलेल्या थोड्या दिवसांना तिथे केमर म्हणतात. या काळात जोडीदार जवळ असला की एकाचा देह एका बाजूला झुकतो आणि त्याला प्रतिसाद म्हणून दुसऱ्याचा दुसऱ्या बाजूला. कोण काय होणार हे आधी ठरलेले नसते आणि सहसा निवडताही येत नाही. गर्भ राहिला तर स्त्रीदेह बाळंतपण आणि अंगावर पाजण्याच्या काळापुरता टिकतो, नंतर माणूस पुन्हा मूळ स्थितीला येतो. ज्याने दोन मुले पोटात वाढवली तोच तिसऱ्या मुलाचा बाप असू शकतो. एवढी कल्पना मांडून ले ग्विन थांबल्या असत्या तर कादंबरी आज कोणी वाचली नसती. त्यांनी पुढचे प्रश्न विचारले. केमरमध्ये असलेल्या माणसाला कामावर बोलवायचे का? नाही. वंश कोणाकडून मोजायचा? ज्याच्या पोटातून मूल आले त्याच्याकडून. कादंबरीत एक राजा गरोदर राहतो. बाहेरून आलेल्या वाचकाला त्याचा धक्का बसतो, पण त्या राज्यातल्या लोकांना प्रश्न पडतो तो फक्त वारसाचा.

या ग्रहाची पाहणी करून गेलेल्या एका स्त्री निरीक्षकाची टिपणे कादंबरीत एका प्रकरणात येतात. त्यांतले एक निरीक्षण मला सर्वांत मोलाचे वाटते. सतरा ते पस्तीसच्या वयातला कोणीही माणूस बाळंतपणात अडकू शकतो. त्यामुळे इतर ग्रहांवर बाया जशा बांधल्या जातात तसे इथे कोणीच बांधले जात नाही. पण इतर ग्रहांवरचा मोकळा पुरुष जितका मोकळा असतो तितके मोकळेही इथे कोणी नाही. समतेच्या कल्पनेत हे दुसरे अर्धे आपण नेहमी विसरतो. पुरुषाचे जे मोकळेपण आपल्याला माणसाची स्वाभाविक स्थिती वाटते, ते कोणीतरी दुसऱ्याने घरातले ओझे उचलल्यामुळे आलेले असते. ओझे सगळ्यांत वाटले की ते मोकळेपण कोणाकडेच तसे राहत नाही. त्याच वेळी ले ग्विन गेथेनला स्वर्ग करत नाहीत. तिथल्या कारहाइड राज्याचा राजा संशयी आहे आणि पंतप्रधान एस्त्रावेनला तो देशोधडीला लावतो. शेजारच्या ऑरगोरेनमध्ये सरकारी छळछावण्या आहेत आणि तिथल्या कैद्यांचे केमर औषधे देऊन दाबले जाते. गेथेनवर कधी युद्ध झालेले नाही, पण त्याचे कारण देहाची रचना आहे की हाडे गोठवणारी थंडी, हे कादंबरी उघडेच ठेवते. लिंगभेद गेला म्हणजे सत्तेचा माज जातो, असे सांगण्याचा मोह इथे टाळलेला दिसतो.

तरीही या कादंबरीत एक गाठ सुटायची राहिली, आणि ती खुद्द लेखिकेच्या हातात होती. गेथेनच्या सगळ्या माणसांसाठी त्यांनी इंग्रजीतले पुल्लिंगी सर्वनाम वापरले. एस्त्रावेनला वाचक भेटतो तो पंतप्रधान म्हणून, फरारी म्हणून, कैद्याला छावणीतून सोडवून आणणारा म्हणून, बर्फावरून ओढगाडी ओढणारा म्हणून. कडेवर मूल घेतलेला एस्त्रावेन वाचकाला दिसत नाही. ही टीका झाल्यावर १९७६ साली ले ग्विन यांनी एका निबंधात सर्वनामाचा बचाव केला, पण एस्त्रावेन आई म्हणून दिसायला हवा होता हे मान्य केले. दशकभरानंतर त्याच निबंधाला टिपा जोडून त्यांनी तो बचावही मागे घेतला, आणि केमरमध्ये केवळ स्त्री-पुरुष जोड्याच का दाखवल्या, असा प्रश्न स्वतःला विचारला. याच ग्रहावरची एक जुनी कथा १९७५च्या संग्रहात घेताना त्यांनी माणसांची सर्वनामे स्त्रीलिंगी केली होती. १९९५ साली त्या पुन्हा गेथेनवर गेल्या. या वेळी नायकपद एका पोरसवद्या माणसाच्या पहिल्या केमरला दिले आणि घर, स्वयंपाक, थोरली-धाकटी भावंडे, सारे आत आणले. एखाद्या लेखिकेने आपल्याच सर्वांत गाजलेल्या पुस्तकाशी सव्वीस वर्षांनंतरही वाद चालू ठेवावा, हे मला तिच्या कर्तृत्वातले मोठे काम वाटते. देह पूर्ण बदलून दिल्यावरही भाषेत जुनी नोंद शिल्लक राहते, याचा हा पुरावा लेखिकेनेच आपल्या हाताने दिला.

गेथेनवर बदल निसर्गाने लादलेला आहे. सत्तरच्या दशकात लेखक दुसऱ्या वाटेने गेले. तंत्र इतके पुढे गेले आहे की देह बदलणे माणसाच्या मर्जीवर आले आहे, अशी कल्पना त्यांनी केली. इथे एक कथा आणि एक कादंबरी शेजारी ठेवली की मुद्दा उघड होतो. जॉन व्हार्ली यांच्या ‘ऑप्शन्स’ (१९७९) या कथेत चंद्रावरच्या वस्तीत लिंगबदल स्वस्त आणि निर्धोक झाला आहे. क्लिओ वास्तुरचनेच्या व्यवसायात आहे, तिला तीन मुले आहेत आणि धाकटे अजून अंगावर पिते. ती पुरुष होऊन बघायचे ठरवते, लिओ होते, आणि तिचा नवरा ज्यूल्स या बदलाशी झगडत राहतो. शेवटी ती परत स्त्रीदेहात येते तेव्हा तिसरेच नाव घेते, कारण आधीची क्लिओ आता उरलेली नसते. कथा सुरेख आहे आणि एका संसारात या बदलाने काय काय हलते हे ती बारकाईने दाखवते. पण त्या घराबाहेरचा समाज आहे तसाच राहतो. मार्ज पिअर्सी यांची ‘वुमन ऑन द एज ऑफ टाइम’ (१९७६) याच्या उलट टोकाला आहे. तिच्यातल्या भविष्यकाळातल्या गावात लिंगबदलाचा गाजावाजा नाही. तिथे गर्भ यंत्रात वाढतो, प्रत्येक मुलाला तीन आया असतात, त्यांत पुरुषही असतात, आणि संप्रेरके घेऊन पुरुष मुलाला अंगावर पाजतात. सर्वांना एकच सर्वनाम आहे. गावातल्या स्त्रिया सांगतात की बाळंतपणाची सत्ता आम्ही सोडली, कारण ती आमच्याकडे असेपर्यंत पुरुष पूर्ण माणूस झाला नसता. या गोष्टीने अस्वस्थ होणाऱ्या वाचकांत कादंबरीची नायिका कॉनी पहिली आहे. जिचे मूल सरकारने काढून घेतले, त्या गरीब आईला हे ऐकून आपला उरलेला एकुलता ठेवाही कोणी लुबाडतो आहे असे वाटते. पिअर्सी तिचा तो राग खोडून काढत नाहीत. व्हार्लींच्या जगात देह सर्वाधिक बदलतो आणि रिवाज सर्वांत कमी. पिअर्सींच्या जगात देहाला हात अगदी थोडा लागतो, पण पाळणा कोण हलवणार हे ठरवणारा रिवाज मुळापासून पालटतो. लिंग खऱ्या अर्थाने बदलते झाले आहे असे मी म्हणेन ते दुसऱ्या जगात.

सॅम्युअल डिलेनी यांची ‘ट्रायटन’ (१९७६) हीच गोष्ट एका माणसाच्या पराभवातून सांगते, आणि ती या सबंध प्रकारातली सर्वांत कठोर कादंबरी आहे. नेपच्यूनच्या ट्रायटन या चंद्रावरच्या शहरात देहच काय, कोणाविषयी ओढ वाटावी हेही दवाखान्यात जाऊन बदलून घेता येते. नायक ब्रॉन हेल्स्ट्रॉम हा मंगळावरून आलेला आहे. त्याला हवे ते सारे या समाजात उपलब्ध आहे, पण त्याच्या डोक्यात पुरुष म्हणजे काय याची एक जुनी मूर्ती पक्की बसली आहे. आपल्यासारख्या खऱ्या पुरुषाला साजेशी स्त्री या शहरात मिळत नाही, असे त्याला वाटते, म्हणून ती स्त्री तो स्वतःच व्हायला निघतो. शस्त्रक्रिया बिनचूक होते आणि त्याचे दुःख तसूभरही कमी होत नाही. आता ती ज्या पुरुषाची वाट बघते तो तिच्या जुन्या डोक्यातला पुरुष आहे आणि तो कुठेच नाही. याच कादंबरीतला सॅम पूर्वी एक दुःखी गोरी वेट्रेस होता आणि आता तो उमदा काळा पुरुष आहे. तो सुखी आहे, कारण त्याने बदलताना जुनी उतरंड बरोबर आणली नाही. काहींना हा लेखकाने ब्रॉनवर केलेला अन्याय वाटतो. मला तो न्याय वाटतो. स्वातंत्र्य दारात ठेवलेले असूनही माणूस ते ओळखू शकत नाही, ही शक्यता डिलेनी यांनी इतक्या गंभीरपणे घेतली आहे की त्यांना तिच्यासाठी दोषी समाजही निर्माण करावा लागला नाही.

आता मालमत्तेकडे, म्हणजे सुद्युम्नाकडे परत येऊ. व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘ओर्लँडो’त (१९२८) नायक झोपेतून स्त्री होऊन उठतो आणि मायदेशी परततो तेव्हा कोर्टकज्जे त्याची वाट बघत असतात. देहाच्या बदलाचे नवल कादंबरीत पानभरात ओसरते, पण इस्टेटीचा खटला वर्षानुवर्षे चालतो. लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांच्या ‘अ सिव्हिल कॅम्पेन’मध्ये (१९९९) हीच गाठ उलट बाजूने ओढली आहे. बॅरायार या सरंजामी ग्रहावर सरदारकी फक्त पुरुषाकडे जाते. सरदार भाऊ वारतो, एक नालायक चुलतभाऊ गादीवर हक्क सांगतो, आणि लेडी डॉना दुसऱ्या ग्रहावर जाऊन लॉर्ड डोनो होऊन परत येते. दरबारात वाद होतात, मते पडतात, डोनोला सरदारकी मिळते. वाचकाला मनापासून आनंद होतो. पण त्या रात्री बॅरायारवरच्या बाकीच्या बहिणींसाठी काय बदलले? वारसा पुरुषाचाच हा नियम होता तिथेच राहिला. उलट एका कर्तबगार बाईला त्यातून जाण्यासाठी देह बदलावा लागला, एवढा तो भक्कम आहे हे सिद्ध झाले.

याला जे सर्वांत जोरदार उत्तर आहे ते स्कॉटलंडचे लेखक इयन बँक्स यांचे. त्यांच्या ‘कल्चर’ या आकाशगंगेभर पसरलेल्या समाजात माणूस इच्छेच्या बळावर साधारण वर्षभरात दुसऱ्या लिंगाचा होतो. बहुतेकजण आयुष्यात कधीतरी दोन्ही होतात. ‘द प्लेअर ऑफ गेम्स’चा (१९८८) नायक गुर्गे कधीच बदललेला नाही, आणि लोकांना ते जरा विचित्र वाटते. १९९४ साली लिहिलेल्या एका टिपणात बँक्स यांनी याचे गणित मांडले. लिंग सहज बदलता येत असेल तर ज्या लिंगाला जास्त चांगले वागवले जाते त्याची संख्या वाढत जाईल. असमतोल सर्वांना उघड दिसेल, समाजावर आतूनच दाब येईल आणि हळूहळू समता व समसंख्या दोन्ही प्रस्थापित होतील. म्हणजे त्यांच्या मते गाठी आधी सोडवण्याची गरज नाही, दार उघडे ठेवले की माणसांची ये-जाच त्या सोडवील. युक्तिवाद देखणा आहे आणि त्याला सहज झटकून टाकता येत नाही. पण त्यातला एक दुवा प्रत्यक्षात तपासून पाहता येतो, आणि ती तपासणी दुर्दैवाने आपल्या महाराष्ट्रात झाली आहे. लिंग निवडण्याचे तंत्र विषम समाजाच्या हाती लागले की काय होते? गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली, महाराष्ट्राने केला. बँक्स यांचे टिपण ज्या वर्षी आले त्याच १९९४ साली केंद्राने कायदा केला. तरीही राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे १९९१च्या जनगणनेत ९४६ मुली होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाल्या. असमतोल दिसला, छापून आला, त्यावर सभा-संमेलने झाली. पण मुली कमी झाल्या म्हणून मुलीचे मोल वाढले नाही आणि हुंडाही थांबला नाही.

इथे कोणी आक्षेप घेईल की गर्भाचे लिंग आईबापांनी ठरवणे आणि प्रौढ माणसाने स्वतःचा देह बदलणे या दोन गोष्टी सारख्या तोलता येत नाहीत. आक्षेप बरोबर आहे. एकीत दुसऱ्याचा जीव घेतला जातो, दुसरीत स्वतःचा हक्क बजावला जातो, आणि ही रेषा पुसणे अनैतिक ठरेल. पण माझा मुद्दा निवडीच्या नीतीचा नाही, किमतीचा आहे. ज्या समाजात एका लिंगाला शेत मिळते आणि दुसऱ्याला पाटपाणी करून पाठवणी मिळते, तिथे निवडीचे कोणतेही साधन आले तरी ते आधी लावलेल्या किमतीप्रमाणे वापरले जाते. कल्चरमध्ये ही विकृती येत नाही याचे कारण बँक्स यांनीच आधी घालून ठेवलेले आहे. त्या समाजात पैसा नाही, टंचाई नाही, वारसाहक्काचे ओझे नाही, आणि कष्टाची कामे यंत्रे करतात. म्हणजे समता आधी आली आणि मग देहाची ये-जा निर्धास्त झाली. त्याच ‘द प्लेअर ऑफ गेम्स’मधल्या आझाद साम्राज्यात तीन लिंगे आहेत आणि मधले लिंग उरलेल्या दोघांना पायाखाली ठेवते. लिंगांची संख्या वाढवली की उतरंड सैल होते ही समजूत बँक्स यांच्या कादंबरीनेच खोटी ठरवली आहे, आणि त्यांच्या टिपणापेक्षा मी त्यांच्या कादंबरीवर अधिक विश्वास ठेवतो. ॲन लेकी यांच्या ‘अँसिलरी जस्टिस’मधले (२०१३) राड्च साम्राज्य याला दुजोरा देते. तिथली भाषा लिंग ओळखतच नाही, म्हणून लेखिकेने सगळ्यांना एकच स्त्रीलिंगी सर्वनाम दिले आहे, आणि तेच साम्राज्य जिंकलेल्या लोकांची मने पुसून त्यांच्या देहांचे जिवंत हत्यार बनवते.

मग या कथांचा उपयोग काय, असे विचारले जाईल. लिंग बदलूनही जुलूम उरतो आणि लिंग पुसूनही उरतो, तर लेखकांनी हा खटाटोप का करावा? कारण कोणता जुलूम देहामुळे होतो आणि कोणता देहाच्या नावाने केला जातो, हे वेगळे काढून दाखवणारे दुसरे साधन आपल्याकडे नाही. प्रत्यक्ष समाजात दोन्ही एकमेकांत इतके विणलेले असतात की बाळंतपणातून चूल आणि चुलीतून पगारातली तफावत निसर्गक्रमाने आल्यासारखी वाटते. ले ग्विन यांनी बाळंतपण सर्वांत वाटून दिले आणि त्याबरोबर काय काय विरघळते ते पाहिले. बुजोल्ड यांनी देह बदलला आणि काय अजिबात विरघळत नाही ते दाखवले. ऑक्टेव्हिया बटलर यांच्या ‘झेनोजेनेसिस’ मालेत माणूस आणि परग्रहवासी यांची संकरित मुले वयात येईपर्यंत कोणत्याच लिंगाची नसतात, आणि ती काय होतील यात त्यांच्या जवळच्या माणसांचा वाटा असतो. ‘इमागो’चा (१९८९) निवेदक तर सर्वांच्या अपेक्षेबाहेर तिसऱ्याच लिंगाचा होतो आणि स्वतःच्या जमातीलाच धोका वाटू लागतो. मूल काय होणार याची वाट पाहणाऱ्या घरातली भीती बटलर जशी लिहितात तशी दुसऱ्या कोणी लिहिलेली माझ्या वाचनात नाही.

हे सारे निसर्गाविरुद्ध आहे, हा आक्षेप जुना आहे आणि त्याला उत्तर द्यायला फार जागा लागू नये. प्रवाळांत राहणाऱ्या क्लाउनफिशच्या गटात सर्वांत मोठी मादी मेली की तिचा नर मादी होतो. उलट रास जातीच्या कित्येक माशांत नर गेला की सर्वांत मोठी मादी नर होते. मायकेल गिसेलिन यांनी याची उत्क्रांतिशास्त्रीय मीमांसा प्रसिद्ध केली ती १९६९ सालीच, गेथेनच्या जन्मवर्षी. कोणत्या आकाराला कोणते लिंग फायद्याचे, त्यावर बदलाची वेळ ठरते, असे त्यांचे म्हणणे. बदल निसर्गात आहे, हे यातून सिद्ध होतेच. पण त्याहून बारकाईने पाहण्यासारखी गोष्ट ही, की या माशांत बदल होतो तो उतरंडीतली वरची जागा रिकामी झाल्यावर. लिंग बदलते आणि क्रम टिकतो. निसर्गाकडून समतेची हमी मागणाऱ्यांनी आणि निसर्गाच्या नावाने बदल नाकारणाऱ्यांनी, दोघांनीही ही नोंद ध्यानात घ्यावी. थिओडोर स्टर्जन यांनी १९६०च्या ‘व्हीनस प्लस एक्स’मध्ये या आक्षेपाच्या मुळावरच बोट ठेवले होते. त्यांच्या लेडम या देशातली माणसे एकाच वेळी स्त्रीही आहेत आणि पुरुषही. आपल्या जगातून गेलेला चार्ली जॉन्स त्यांच्यावर माया करू लागतो. हा देह निसर्गाने दिलेला नसून शस्त्रक्रियेने घडवलेला आहे हे कळताच मात्र त्याच्या मायेची जागा किळस घेते. डोळ्यांसमोरची माणसे तीच असतात, पण ती कशी झाली याची माहिती मिळते आणि तेवढ्याने त्यांचे माणूसपण त्याच्या लेखी रद्द होते.

यापेक्षा गंभीर आक्षेप तृतीयपंथी आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या बाजूने येतो. ज्या कथांत लोक ऋतू बदलावा तसे लिंग बदलतात, त्या कथा खऱ्या माणसांच्या आयुष्यभराच्या झगड्याला लहर ठरवतात, असे त्यांचे म्हणणे. यात तथ्य आहे. कल्चरमधला माणूस कुतूहलापोटी बदलतो. ट्रान्स व्यक्ती सांगते की मी बदलत नाही, मी आहे तीच आहे, जगाची नोंद चुकली आहे. या दोन अनुभवांना एक समजणारे लेखन वाचकाची दिशाभूल करते, आणि व्हार्लींच्या काही कथा या दोषातून सुटत नाहीत. पण याच मुद्द्यावर हा सगळा साहित्यप्रकार आपल्या जवळ येतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये ‘नालसा’ खटल्यात स्वतःची लिंगओळख स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी त्या खटल्यात बाजू मांडणाऱ्यांपैकी होत्या. २०१९चा कायदा आला आणि ओळखपत्रासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागू लागला. शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचे खाते, वडिलांच्या जमिनीवरची वारसनोंद, प्रत्येक कागदावर पुन्हा पहिली नोंद समोर येते. सुद्युम्नाला वाटा नाकारणारा तो जुना कारकून आजही आपल्या कचेरीत बसलेला आहे. विज्ञानसाहित्याकडून ट्रान्स व्यक्तींच्या अंतरंगाचे चित्र मागितले तर ते बहुधा अपुरे मिळेल. पण नोंदींच्या या चिवटपणाचे चित्र मागितले तर ते भरपूर मिळते, आणि ते आपल्या उपयोगाचे आहे.

मराठीत हा विषय हाती घेणाऱ्या लेखकाजवळ इंग्रजीत कोणाकडे नव्हते असे साहित्य आहे. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, देशाने २००५ साली. तरी रक्षाबंधन-भाऊबीज सांभाळून बहिणी हक्कसोड पत्रावर सह्या करतात. ज्या गावात बहिणीचा भाऊ आणि भावाची बहीण होऊ शकते, तिथे हक्कसोड कोण कोणाला करून देईल? फेरफार किती वेळा पडतील? ‘लेडी डॉना’ची गोष्ट तलाठी कार्यालयात घडली तर ती अधिक खरी होईल, आणि तिचा शेवट एका गादीवर भागणार नाही.

आणि भाषा. मराठीत नुसते ‘तो-ती-ते’ नाही, क्रियापदही लिंग सांगते. इंग्रजीतला ‘मी’ शंभर पाने आपले लिंग लपवू शकतो. मराठीतला ‘मी’ जातो किंवा जाते म्हणताक्षणी उघडा पडतो. पण कोल्हापूरकडच्या मुली खुशाल ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात आणि त्यांचे बाईपण त्याने उणे होत नाही. वारकरी वाटेत भेटणाऱ्या बाप्याला आणि बाईला एकाच ‘माउली’ने हाक मारतात. विरहिणी लिहिताना ज्ञानेश्वरांनी आपला ‘मी’ स्त्रीचा केला. एकटा ‘माणूस’ पुल्लिंगी असतो, पण अनेक ‘माणसे’ नपुंसकलिंगी होतात. म्हणजे या भाषेला वाकण्याची सवय आहे. गेथेन मराठीत आणताना हे सगळे हाताशी येईल, आणि एक गोष्ट अनपेक्षितपणे मदतीला येईल. एस्त्रावेनने गाडी ओढली, तंबू ठोकला, अन्न शिजवले, आजारी सोबत्याला पांघरूण घातले. या वाक्यांत क्रियापद गाडीच्या, तंबूच्या, अन्नाच्या, पांघरुणाच्या लिंगाने चालते. करणारा स्त्री की पुरुष हे मराठी विचारतच नाही. ती विचारते ते एस्त्रावेन दमून बसतो तेव्हा, हसतो तेव्हा, आणि शेवटी बर्फावर पडून मरतो तेव्हा. अनुवादकाला थांबून विचार करावा लागेल तो त्या तीन क्रियापदांपाशी.